अंगठ्यावरची शाई

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही मला बसल्या जागी बसवत नाही. उठतो, अंगणात दोन फेऱ्या मारतो, मग परत येतो. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण कोळशाची एक शेगडी, तेलाची एक किटली आणि शाईचा एक डाग एवढ्यावर उभ्या राहिलेल्या त्या प्रकरणाने मला जितकं अस्वस्थ केलं, तितकं दुसऱ्या कशानेही नाही.

मी तेव्हा कोल्हापूर शहरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. जानेवारीचे दिवस होते. दुपारी दीडच्या सुमारास ठाणे अंमलदाराने सांगितलं, मंगळवार पेठेत एक म्हातारी कोळशाच्या शेगडीने गुदमरली, दवाखान्यात नेतानाच गेली. अकस्मात मृत्यूची नोंद करून मी घटनास्थळी गेलो.

घरात दोघीच राहायच्या. सत्तरी ओलांडलेली सासू आणि तिची विधवा सून. सून एका शाळेत मुलांची खिचडी शिजवायला जायची. म्हातारीचे गुडघे थंडीत आखडायचे, म्हणून रोज सकाळी तिळाचं तेल चोळून सून तिला लोणारी कोळशाच्या शेगडीवर शेक द्यायची. त्या दिवशीही शेक देऊन, शेगडी तिथेच ठेवून ती दहाला शाळेत गेली. एकला परतली तेव्हा सासू बेशुद्ध होती. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. झोपलेल्या माणसाला कळतच नाही.

मी सुनेला दोन प्रश्न विचारले. खिडकी उघडी होती का? ती म्हणाली, "उघडीच हुती." आणि दार? "दार अर्धं उघडं ठिवून गेलते, साहेब. आले तवा गच्च लावल्यालं हुतं."

समोरच्या घरातल्या बाईने मात्र जबाबात सांगितलं, "आरडाओरडा ऐकून मी आत गेलते. खिडकी मीच उघडली की. आतनं कडी हुती."

म्हणजे सून खिडकीबद्दल खोटं बोलली होती. मग दाराबद्दल खरं कशावरून?

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीचा पुतण्या ठाण्यात आला. कुरुंदवाडला राहणारा, चाळिशीचा, स्वच्छ कपड्यांतला, नीट बोलणारा माणूस. म्हणाला, "साहेब, काकीला तिनंच मारलं. घरात एकटीला ऱ्हायचं हुतं तिला. खोली बंद करून गेली, ह्याला अपघात म्हनायचं व्हय?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटायला हवंच होतं. कारण माझ्याकडे खोटं बोललेली एक बाई होती, आणि शवविच्छेदनात मृत्यूचं कारण स्पष्ट होतं.

चार दिवस मी तिला रोज सकाळी ठाण्यात बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसायच्या आणि मी तेच तेच प्रश्न विचारायचो. सुतकातली ती बाई, डोक्यावर पदर, बाकाच्या कडेवर बसायची. तिसऱ्या दिवशी तिने कबूल केलं, "खिडकी मीच लावलती. आत्याला गार वारं सोसत न्हवतं. तुम्ही विचारलं तवा भ्याले." सासूला ती आत्या म्हणायची. दाराबद्दल मात्र तिचं एकच म्हणणं कायम होतं. उघडं ठेवलं होतं.

तिला अटक करावी असं माझ्या मनात चाललं होतं. तरी सही होत नव्हती. कारण सांगता येत नव्हतं. मी केबिनमध्ये फेऱ्या मारायचो, कागद उघडायचो, पुन्हा मिटायचो.

पाचव्या दिवशी शाहूपुरीतला एक दस्तलेखक ठाण्यात आला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"साहेब, आपल्याला भानगडीत पडायचं न्हाय. पण एकजण मृत्युपत्र घेऊन आला हुता. घर नावावर करायला काय काय लागतंय, म्हनून विचारत हुता. मंगळवार पेठेतल्या त्या म्हातारीचं. तिचा पुतण्या."

"मग?"

"त्याच्यावर म्हातारीचा अंगठा हाय. दोन वर्षांमागं ती माझ्याकडं एका अर्जाला आलती. मी शाईचा पॅड पुढं सरकवला, तर मलाच वराडली. 'अंगठा सोडला म्या, सुनेनं सही शिकिवलीया मला,' म्हनली. पाच मिनिटं लावून सही केली, पर केली. ती बाई अंगठा कशाला दील?"

मी लगेच उठलो. मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा काढला. त्यात माझ्याच हाताखालच्या माणसाने लिहिलं होतं : अंगठा तेलकट, नखाच्या कडेला जांभळट रेघ. मी ते वाचून सोडून दिलं होतं. रोज तेल चोळून घेणाऱ्या म्हातारीचा अंगठा तेलकट असणारच.

सुनेला बोलावून पंचनाम्यासोबतचा त्या अंगठ्याचा फोटो दाखवला. तिने तो जवळ धरून पाहिला.

"ही शिक्क्याची शाई हाय. आमचे हे दुकानात शिक्कं मारायचे, तवा बोटाला लागायची. पान्यानं जात न्हाय ती. गोडं तेल चोळलं की निघतीया. नखाच्या कडंला तेवढी ऱ्हाती."

"सासूबाईंना गोडं तेल लावायचात?"

"न्हाय. त्यांचं तिळाचं. गोडं तेल सैपाकघरात, किटलीत असतंय."

सुतक असल्यामुळे घरात चूल पेटलेली नव्हती, शेजारपाजारचे डबे येत होते. किटलीला कोणी हात लावलेला नव्हता. पंचांसमक्ष ती ताब्यात घेतली. स्टीलच्या किटलीच्या पोटावर जांभळ्या बोटाचा ठसा स्वच्छ उमटला होता. ज्याने म्हातारीचा अंगठा धरला, त्याची बोटंही शाईने माखली होती, आणि त्याच बोटांनी त्याने किटली उचलली होती. अंगुलीमुद्रा तज्ज्ञांचा अहवाल आला. ठसा पुतण्याचा होता.

चौकशीत आधी तो म्हणाला, आपण त्या दिवशी कुरुंदवाड सोडलंच नाही. मी वाद घातला नाही. किटलीचा फोटो आणि अहवाल टेबलावर ठेवला. अहवाल दोनदा वाचून तो बोलला.

"मी काकीला मारलं न्हाय. कागद वाचून दावायला गेलतो. आधी दोनदा न्हाय म्हनलीवती. गेलो तर ती बेशुद्धच."

"जिवंत होती?"

"घरघर चाललीवती."

"मग?"

"अंगठा घेतला. ती अंगठाच देती असं मला म्हाईत हुतं, लहानपनापासनं. सही शिकली हे कुनी सांगितलंच न्हाय. मग तेलानं पुसला."

"दार कसं होतं?"

त्याने किटलीचा फोटो पालथा केला. मी पुन्हा विचारलं.

"अर्धं उघडं. जाताना वढून घेतलं. कुनी बघू नये म्हनून."

मी खुर्चीतून उठलो आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. सून पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती.

बनावट मृत्युपत्राबरोबर सदोष मनुष्यवधाचं कलमही मी दोषारोपपत्रात लावलं. न्यायालयात बनावट दस्ताचा गुन्हा शाबीत झाला, त्याला शिक्षा झाली. दाराच्या बाबतीत मात्र त्याला संशयाचा फायदा मिळाला. त्या वेळी दार उघडं ठेवलं असतं तरी म्हातारी वाचली असती, असं डॉक्टर खात्रीने सांगू शकले नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. मला ते आजही पचलेलं नाही.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. माणूस भीतीपोटी एक खोटं बोलतो आणि त्याच दमात एक खरंही बोलतो. दोन्ही एकाच तोंडून येतात, म्हणून दोन्हीला एकच माप लावायचं नसतं. पुढच्या नोकरीत हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी हे सांगत आलो.

निवृत्त झाल्यावर एकदा त्या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी ओळखलं. "या, बसा," म्हणाल्या आणि चहा टाकला. मी म्हणालो, "बाई, त्या चार दिवसांत माझी चूक झाली. तुम्हाला नाहक त्रास दिला."

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. आवाजात राग नव्हता.

"प्रश्नांचं काय न्हाय, साहेब. तुमचं कामच हाय ते. पर त्या चार दिवसांत मला आत्यासाठी रडायला मिळालं न्हाय. रडले असते तर तुम्ही म्हनला असता, नाटक करतीया. म्हनून दात आवळून बसले. मग ते रडू आलंच न्हाय कधी."

चहा गार होईपर्यंत मी तिथे बसून होतो.