साहेब येतेत तेवढाच रस्ता

देवाले नाई जी, पूल मांगाले गेलती. गडचिरोलीले. पूल मांगाले जानाऱ्या बाईनं वाटेत काई खाऊ नये, असं कुठी लिवलं नाई, म्हनून पोटभर खात गेली.

आमचं गाव आलापल्लीच्या अलीकडे, सागवनात. तुमाले कधी याचं असन तर पावसात येऊ नका. मधात नाला हाये. तो भरला का गाव तिकडे अन् दुनिया इकडे. मास्तर येत नाई, रेशनचे तांदूळ येत नाई, बाळंतिनीची खाट काठावर ठेवून पानी उतराची वाट पाहा लागते. चंद्रपूरले नोकरीले असलेला माझा पोरगा दरसाली म्हनते, "माय, सोड ते गाव, चाल माझ्यासंग." मी म्हनते, "तुह्या दोन खोल्यांत माझं तोंड मावन का?"

तर धानकापनी झाली अन् शेजारच्या शेवंताबाईले घेऊन मी निघाली. लुगडं खोचून नाल्यातून, मंग फाट्यापर्यंत पायी. फाट्यावर लाल गाडी भेटते, पन भेटनच असं नाई. अंथराले कायतरी संग ठेवा. आष्टी करत चामोर्शी. तिथल्या स्टँडावर गरम आलुबोंडा घ्या, तर्री मांगून घ्या, लाजू नका. शेवंताबाई लाजली अन् कोरडा खाल्ला. गाडीत म्हने, "बाई, साहेबापुढं मले बोलाले लावू नको."

"तू फक्त खोक," मी म्हनलं, "बाकी मी पाहीन."

जिल्हा नवाच झाला हाये, कचेरीच्या भिंतीले अजून चुन्याचा वास. साहेब तरना, बोलाले गोड. म्हने, "बाई, तुमच्या गावाला मी गेल्या साली आलो होतो. जीप थेट चावडीपर्यंत आली. रस्ता चांगला आहे की! शिवाय वस्ती लहान. पैसा थोडा, जिथं लोक जास्त तिथं आधी द्यावा लागतो."

"लोक जास्त कुठून राहातीन साहेब? ज्याले जमते तो निघून जाते. अन् हा तुमचा टेबल?"

"टेबलाचं काय?"

"सागवन दिसते. आमच्याच रानातलं असन. त्याले बरा रस्ता सापडला इथवर याले!"

साहेब हसला. शेवंताबाई खोकली.

मंग मी खरी गोष्ट सांगितली. आमच्याकडे पाहुना येनार म्हनलं का अंगन सारवतेत. साहेब येनार म्हनलं का नाला सारवतेत. कोतवाल सोमाभाऊ हाका देत फिरते, घरोघरचे मानसं निघतेत. नाल्यात गोटे, गोट्यावर बांबूच्या तट्ट्या, तट्ट्यावर मुरूम. साहेब कोंबडा खाऊन गेला का तट्ट्या काढून जो तो आपल्या घराच्या कुडाले लावते. पाहुन्याले चिखल दाखवाची लाज वाटते ना! म्हनून साहेबाले रस्ता दिसते अन् आमाले पूल भेटत नाई.

साहेबानं डायरी उघडून पाह्यली. मंग म्हने, "उद्या मला आलापल्लीला जायचंच आहे. चला जीपमध्ये, बघू."

रातभर शेवंताबाईच्या बहिनीकडं मुक्काम केला, सकाळी मी जीपमधी पुढं बसली. शेवंताबाई मागं, साहेबाजवळ, पदरात तोंड. बसचे हाडं मोडनारे खड्डे जीपमधून बी तसेच लागतेत, पन इज्जतीनं लागतेत.

कचेरीतून निरोप आधीच गेलता. दुरूनच दिसला आमचा सोमाभाऊ, धुतली टोपी घालून, ताज्या मुरुमापाशी उभा! मी ड्रायव्हरले म्हनलं, "भाऊ, डाव्या हातानं घ्या, बैलगाडीची वाट जवळ पडते."

जवळ पडतेच, खोटं नाई. बरोब्बर नाल्याच्या मधात जीप फसली.

सोमाभाऊ पानी उडवत धावला. "अवो बाई, इकडून काऊन आनलं? तट्ट्या तर तिकडे टाकल्या!"

"अन् पावसात कोन्या तट्ट्यावरून आनशीन, सोमाभाऊ?"

साहेबानं बूट काढले, प्यांट वर केला, गुडघाभर पान्यात उतरला. मधात थांबून म्हने, "पावसात पाणी कुठवर येतं?"

सोमाभाऊ बोलाच्या आधी शेवंताबाई बोलली. होय, तीच. काठावरच्या मोहाकडं हात करून म्हने, "त्या फांदीत वाळलं गवत अडकलं दिसते ना साहेब? तिथवर. माझी पोरगी याच काठावर बाळंत झाली."

साहेब त्या मोहापाशी गेला, हात वर केला, फांदीले पुरला नाई. मंग कोंबडा खाल्ला, जाताना म्हने, "यंदा पूल मी वर लावून धरतो." धरन, मानूस तसा दिसला. वरचे किती ढिले सोडतेत, कोनाले ठाऊक.

तट्ट्या यावेळी कोनी काढल्या नाई. पहिल्या पुरात वाहून जातीन. आता गावातल्या बाया मले म्हनतेत, "बाई, तू हायेस म्हनून गावाले तोंड हाये." मी बी मान हालवते, फुगते.

पन पोराले मी नाई म्हनलं, हे जे मी साऱ्यायले सांगत फिरते, ते खोटं हाये. पुढच्या पावसाच्या आधी पूल नाई झाला तर मी चंद्रपूरले जाऊन राहीन, असं त्याले कबूल केलं. शेवंताबाईले बी सांगितलं नाई. गाठोडं बांधून ठेवलं हाये.