निळ्या शर्टातली नर्स

अमेरिकेतल्या टोलीडो शहरात, आमच्या सरकारी शाळेत अर्नेस्टीन प्रुइट बावीस वर्षं नर्स. लहानथोरांची मिस अर्नेस्टीन. मी सफाईवाला, तिच्या खोलीची फरशी रोज मीच पुसायचो. दम्याची पोरं आमच्याकडे ढीगभर. कोणाची छाती भरतेय ते तिला नुसत्या चालण्यावरून कळायचं.

नदीकाठी टॉवर बांधायचा म्हणून बिल्डरला पंधरा वर्षं मालमत्ता कर माफ हवा होता. शाळा चालते याच करावर! पण त्याची माणसं साखरेत घोळलेली. डोनट आणले, टॉवरचं नाव छापलेले निळे शर्ट वाटले, शाळेत दवाखाना बांधून देऊ म्हणाले.

मी म्हटलं, "मिस अर्नेस्टीन, फुकटचं पचत नाही हं."

"गप रे व्हर्नन! तुला मेल्या सगळीकडे चोरच दिसतात."

नगरसभेत बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. निळा शर्ट घालून ती उभी राहिली नि म्हणाली, "माझ्या पोरांसाठी हो म्हणा." टाळ्या पडल्या, माफी मंजूर झाली.

टॉवर झाला. दवाखान्याची एक वीट आली असेल तर शपथ! उलट शाळेच्या तिजोरीत खडखडाट, म्हणून एक नर्स चार शाळांत वाटली. आमच्या वाट्याला फक्त मंगळवार. गेल्या महिन्यात चौथीतली जोनेल गुरुवारी धापा टाकत मिस अर्नेस्टीनच्या कुलूपबंद दाराशी जाऊन बसली. मला दिसली तेव्हा ओठ निळे पडले होते. अॅम्ब्युलन्स आली, पोरगी वाचली. देवाची कृपा, बिल्डरची नव्हे.

काल दुसऱ्या टॉवरच्या करमाफीची सुनावणी होती. मिस अर्नेस्टीन विरोधात बोलायला आली. तिच्या आधी बिल्डरचा वकील उठला. "आमचं राहू द्या, शाळेच्या नर्सचंच ऐका," म्हणाला आणि पडद्यावर जुनी चित्रफीत लावली. निळ्या शर्टातली ती, हसत हसत हो म्हणा म्हणतेय.

तिची पाळी आली. "ती बाई मूर्ख होती," ती म्हणाली. मग जोनेलचं सांगू लागली, तर रडूच फुटलं. तीन मिनिटं संपली, घंटा वाजली. माफी पुन्हा मंजूर. माझ्या तोंडात शिव्या आल्या, गिळल्या.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "व्हर्नन, माझ्या खोलीला कुलूप लावू नकोस. निदान पोरं आत पलंगावर तरी बसतील."

आज बुधवार. दार उघडं ठेवलंय. सकाळपासून दोघी पोरी येऊन, तिची वाट बघून गेल्या.