श्यामलाल पॉलिसी पारखतो

श्यामलाल पटलेला लग्नाचं बोलावणं द्यायला फुलचूरमध्ये लोक कचरतात. हा माणूस पंगतीत बसतो, भाताचं शीत चिमटीत धरतो आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगतो, "नवा तांदूळ आहे, जुना म्हणून खपवला." वैताग असा की ते खरं असतं.

गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये तो बावीस वर्षं धान तपासतो. ट्रक आला की परखी, म्हणजे टोकदार लोखंडी नळी, पोत्यात खुपसायची, आतले दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि भाव पाडायचा. नळी तो नेहमी पोत्याच्या तळाशी खुपसतो. "वरतं सारेच चांगलं ठेवतेत," म्हणतो. एकदा त्यानं सख्ख्या सासऱ्याचा केशोरीहून आलेला माल ओलावा जास्त म्हणून परत पाठवला. सासरा दोन वर्षं बोलला नाही. श्यामलालच्या मते संसारातली सगळ्यात निवांत वर्षं तीच.

मी त्याच मिलमध्ये बिलं लिहितो आणि त्याच्याच गल्लीत राहतो. त्यामुळे त्याच्या बायकोनं, प्रेमिलावहिनीनं, पॉलिसी विकण्यासाठी त्याला समोर बसवलं तेव्हा दुसरा चहा माझ्यासाठी होता.

वहिनी नुकतीच विम्याची एजंट झाली होती. परीक्षा पास केली, बॅग मिळाली, डायरी मिळाली. पहिली पॉलिसी घरातूनच काढा, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. तिनं टेबलावर माहितीपत्रक उघडलं. त्यावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं बाकावर बसून हसत होतं. एवढे दात शाबूत असलेले म्हातारे मी तरी जिल्ह्यात पाहिले नाहीत.

"सर, निवृत्तीनंतरच्या उत्पन्नाचा आपण काय विचार केला आहे?" वहिनी म्हणाली.

सर कोण आले म्हणून श्यामलालनं मागं वळून पाहिलं.

पण प्रश्न थट्टेचा नव्हता. आमच्या मिलमध्ये साठाव्या वर्षी शेठ शाल देतो, नारळ देतो आणि फोटो काढतो. पेन्शन नाही. श्यामलाल पंचेचाळीसचा. बँकेत एक लाख चाळीस हजार. शेती भावांकडे. लेक आचल लग्न होऊन गेलेली, आणि तिच्या दारात जाऊन बसायची दोघांचीही तयारी नाही. साठीनंतर चूल कशावर पेटायची, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पॉलिसी अशी होती: पंधरा वर्षं दरसाल पन्नास हजार भरायचे, साठाव्या वर्षी साधारण अकरा लाख मिळतील, आणि मध्येच माणूस गेला तर पाच लाख आणि वर थोडं.

"राहिले तरी फायदा, गेले तरी फायदा," वहिनीनं समारोप केला.

"उतारा किती?" श्यामलालनं विचारलं.

मिलमध्ये क्विंटलभर धानातून सदुसष्ट किलो तांदूळ निघायला हवा. त्याला उतारा म्हणतात, आणि श्यामलाल जगातली प्रत्येक गोष्ट त्याच काट्यावर तोलतो. त्यानं पेपरच्या कडेला आकडे मांडले. तेच पन्नास हजार पोस्टात पीपीएफमध्ये टाकले तर आजच्या व्याजानं साडेतेरा लाख होत होते.

"अडीच लाख कुठी गेले?"

"ते विम्याचे."

"अन् विमा पाच लाखाचा. मी मेलो तर पाच लाखात तू किती वर्सं खाशील?"

वहिनीनं विचार केला. "पाच. तुमच्यासारखा खानारा घरात नसला तर सहा."

"याच्यात दोन माल मिसळले," श्यामलालनं निकाल दिला. "थोडा विमा, थोडी बचत, अन् दोन्ही हलके. मी घेत नाही."

वहिनीचं ट्रेनिंग तिथंच संपलं. "माह्या बापाचा धान परत केला, आता माहाही करून राहिले! तुमचा सारा हिसाब साठ वर्साचा. पन्नासाव्या वर्सीच गेले तर पोस्टात किती राहतील?"

"तीन लाख."

"मंग पुढं मी काय तुमची परखी चाटू?"

श्यामलालनं पेपरच्या कडेचे आकडे पुन्हा पाहिले. आपण साठपर्यंत जगणार, हे गडी धरूनच चालला होता. बावीस वर्षं छातीत धानाची धूळ, दिवसाला तंबाखू-सुपारीचे चार खर्रे तोंडात, आणि हिशेबात मरणाला जागाच नाही. मला त्याची कीव आली, आणि माझ्या खिशात पण एक खर्रा होता म्हणून थोडी माझीही.

"निव्वळ मरनाचा नाही का विमा?" त्यानं हळूच विचारलं.

होता. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर होता. कमिशन कमी म्हणून ट्रेनिंगवाल्यानं ते पान घाईत उलटलं होतं. वर्षाला अकरा हजार, माणूस गेला तर पंचवीस लाख, जगला तर भोपळा.

"हा माल साफ आहे," श्यामलाल म्हणाला. "हा घेऊ. बाकीचे एकोनचाळीस हजार पोस्टात, तुह्या नावानं."

वहिनीनं कमिशनवर पाणी सोडलं आणि फॉर्म काढला. तंबाखूच्या रकान्यात 'नाही' लिही, असं श्यामलालनं सुचवलं. तिनं 'हो, रोज चार खर्रे' लिहिलं. "लबाडी लिहू अन् तुमी मेल्यावर कंपनीनं तेच दाखवलं तर? पैसे मले पाह्यजेत, तुमाले नाही."

मग तपासणी झाली. रक्त, एक्स-रे, वजन. रक्त काढणाऱ्या पोऱ्याला श्यामलालनं एकाच हाताचा नमुना कसा पुरेल, म्हणून झापलं.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर फार वाढलेली, एक्स-रेत छातीवर डाग. विमा देता येत नाही.

मी गेलो तेव्हा तो पत्र घेऊन ओट्यावर बसला होता. जन्मभर लोकांचे ट्रक परत पाठवणारा माणूस. मी येताना चार टोमणे तयार करून आलो होतो, पण त्याचा चेहरा पाहिला आणि एकही सुटला नाही. शेतकरी निदान त्याच्याशी हुज्जत घालायचे. याला हुज्जत घालायला समोर कोणी नव्हतं.

"पॉलिसी बराबर होती बे," तो म्हणाला. "मीच खराब निघालो."

वहिनी आतून आली. तिनं पत्र दोनदा वाचलं. पहिली केस गेली, कमिशन गेलं, पंचवीस लाख गेले. रडेल असं मला वाटलं. तिनं श्यामलालच्या खिशातून दोन खर्रे काढले आणि गल्लीच्या नालीत भिरकावले.

"उद्या सकाळी दवाखान्यात जाचं आहे. मिलमधे तोंडाले कपडा बांधाचा. अन् रोजचे चार खर्रे, महिन्याचे छत्तीसशे, ते पोस्टात माह्या खात्यात."

"एखादा तर खाऊ दे," श्यामलाल नालीकडं बघत म्हणाला.

"पंचवीस लाखाचा कागद असता तर खा म्हटलं असतं," वहिनी म्हणाली. "आता मेले तर मले दमडी भेटत नाही. तुमाले जगाच लागन."