डाव्या गालाचं पॉलिश

पॉलिशकाकांच्या हाती एखादं जुनं टेबल पडलं की ते वीस वर्षांनी तरुण होऊन बाहेर पडायचं. काकांचं स्वतःचं वय मात्र न चुकता वाढत होतं, आणि ते सगळं येऊन बसलं होतं डाव्या गालावर. तिथे वांगाचा एक तपकिरी डाग होता, चहा सांडल्यासारखा. कारखान्यासमोरच्या अंगणात उभं राहून पॉलिश वाळताना बघत राहायची त्यांना खोड होती, आणि त्या अंगणात ऊन यायचं ते डावीकडूनच. चाळीस वर्षं एकाच गालावर ऊन घेतल्यावर दुसरं काय होणार?

काकांना त्या डागाचं काडीचं दुःख नव्हतं. दुःख व्हायचं ते लाकडावरच्या डागांचं. कुणी लाकडी टेबलावर गरम भांडं ठेवलेलं दिसलं की त्यांना जेवण जायचं नाही.

त्यांच्या कामाचा एक नियम होता, उस्तादांकडून आलेला. सामान कितीही खरवडा, पण पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पंजाएवढा जुना थर तसाच ठेवायचा. का, ते एकदा चांगलंच कळलं होतं. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतःचंच टेबल परत न्यायला साफ नकार दिला. "हे माझं नव्हेच. माझं कळकट होतं," म्हणत त्यांनी कारखान्याच्या दारात ठाण मांडलं. काकांनी टेबल उलटं केलं आणि खालचा काळपट चौकोन दाखवला. बाईंच्या भावानं लहानपणी खिळ्यानं कोरलेलं माकड तिथे जसंच्या तसं होतं. बाई त्या माकडावरून बराच वेळ हात फिरवत राहिल्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "माझंच आहे. चढवा टेम्पोत."

हे सांगायचं कारण एवढंच, की लाकडाच्या बाबतीत एवढा शहाणा असलेला माणूस स्वतःच्या तोंडाच्या बाबतीत ठार वेडा निघाला.

झालं असं. काकूंच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. काकू घरी शिवणकाम करायच्या. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा लेकीकडून आठवड्याच्या सुया एकदम ओवून घ्यायच्या, पण ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना दरदरून घाम फुटायचा. पाच वर्षं टाळाटाळ करून अखेर त्या तयार झाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी महिन्याभरानंतरची तारीख दिली आणि म्हणाले, "आधी उजवा डोळा करू, मग डावा. इतकं लख्ख दिसेल, की भिंतीवरची मुंगी नर आहे का मादी तेही सांगाल."

"मुंगी जाऊ दे हो," काकू म्हणाल्या. "मी आधी यांना बघणार. पाच वर्षं झाली धड बघून. काय दिसायचे तेव्हा!"

शेजारच्या खुर्चीवर काकांचा हात डाव्या गालावर गेला.

घरी येऊन त्यांनी कपाटाच्या आरशात पाहिलं. पाच वर्षांपूर्वी डाग मसुराएवढा होता. आता त्यानं अर्धा गाल खाल्ला होता. तिच्या डोळ्यांपुढे जुना नवरा होता, आणि पट्टी निघाल्यावर समोर येणार होता हा. काका घाबरले. पस्तीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्यावर रागावली होती, रुसली होती, एकदा तर कापड मोजायची पट्टी घेऊन मागे लागली होती. पण त्यांना बघून तिचा चेहरा उतरला, असं कधी झालं नव्हतं. तेवढं एक त्यांना नको होतं.

दुसऱ्या दिवशी ते गुपचूप त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर त्यांच्या लेकीच्या वयाची होती. तिनं भिंगातून गाल पाहिला आणि म्हणाली, "केमिकल पील करता येईल. पण आधी दोन आठवडे तयारी. रोज सनस्क्रीन, झोपताना ही क्रीम, उन्हात उभं राहायचं नाही, चेहऱ्याला काहीही घासायचं नाही."

"म्हणजे पॉलिशआधीचा अस्तराचा हात," काकांनी मान डोलावली. "पुढे?"

"पुढे अ‍ॅसिडचा थर."

"किती हात?"

"दोन."

"दोन हातांच्या मध्ये काचकागद मारणार का?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "काका, चेहरा आहे तो."

मग तिनं सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कातडी सुटू लागेल, पापुद्रे उभे राहतील. ते ओढायचे नाहीत, आपोआप गळू द्यायचे. हे तिनं काकांकडून तीनदा म्हणून घेतलं. काका मनात हसले. चाळीस वर्षं पापुद्रे काढण्यात गेलेल्या माणसाला ही पोरगी पापुद्रे शिकवतेय!

दोन आठवडे काकांनी अस्तर इमानेइतबारे लावलं. काकूंचे डोळे अधू होते, पण नाक तल्लख होतं. "अहो, तुमच्या अंगाला स्पिरिटचा वास यायचा तो कुठे गेला? हा कुठल्या बाईसारखा वास येतोय?"

"नवीन पॉलिश आहे," काका म्हणाले, आणि तसं पाहिलं तर हे खोटंही नव्हतं.

पीलचा दिवस उजाडला. डॉक्टरनं सगळ्या चेहऱ्यावर अ‍ॅसिड फिरवलं आणि काकांना वाटलं, कुणीतरी गालावर मिरच्या वाटतंय. डॉक्टरनं पंखा जोरात सोडला. काकांनी एक डोळा उघडून आरशात पाहिलं आणि ते खुर्चीत ताडकन उठून बसले.

"पांढरं पडलं! डॉक्टर, पांढरं पडलं! हवा दमट आहे आज, तरी मला वाटलंच होतं!"

"पांढरं पडायलाच हवं, काका."

"आमच्याकडे पॉलिश पांढरं पडलं की सगळं काम परत!"

"तुमच्याकडे पडू दे. इथे आडवे व्हा."

घरी पाठवताना डॉक्टरनं बजावलं, चार दिवस तोंड कमी हलवा, हसणं नाही, बडबड नाही. काका मुके झाले. काकूंनी याचा वेगळाच अर्थ लावला. "माझ्या ऑपरेशनचा एवढा घोर लावून घेतलाय यांनी," त्या लेकीला फोनवर सांगू लागल्या, आणि काकांना मऊ भात भरवायला धावल्या. तो मात्र तोंड न हलवता खायला फार सोयीचा पडला.

तिसऱ्या दिवशी काकांचा सगळा चेहरा ताणला जाऊन तपकिरी झाला. पीलनंतर असं होतंच. काकू त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "आज तुम्ही सगळेच्या सगळे काळवंडलेले कसे दिसताय?" काका दचकले, पण हा मोतीबिंदूचाच खेळ असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्याच संध्याकाळी औषधाच्या दुकानात काकूंनी आपली पिशवी भलत्याच माणसाच्या हातात दिली आणि "चला आता, पाय दुखतात माझे," असं त्यालाच सुनावलं. तो बिचारा पिशवी घेऊन चार पावलं चाललासुद्धा. काका मनात म्हणाले, ऑपरेशनच्या धास्तीनं होतं असं.

चौथ्या दिवशी तोंडाच्या कडेला पहिला पापुद्रा उभा राहिला, आणि काकांची खरी परीक्षा सुरू झाली. सुटलेली कड दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. ही सवय हाडामासात मुरलेली होती. त्यांनी हातांत रबरी मोजे चढवले आणि हातांना काम म्हणून समोरचं कपाट खरवडायला घेतलं. दुपारी कपाटाचा मालक आला. त्याला फक्त बिजागरी बसवून हवी होती. कपाट संपूर्ण सोलून उभं होतं.

"काका, हे काय?"

"सुटत होतं," काका ओठ न हलवता म्हणाले. त्यानं काकांच्या तोंडाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि बिजागरीचा विषय परत काढला नाही.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, आनंदाची बातमी! आई रोज डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मागे लागली होती ना, लवकरची तारीख द्या म्हणून? उद्या सकाळचा एक पेशंट रद्द झालाय. उद्याच ऑपरेशन. परवा पट्टी काढणार."

काकांनी हिशोबानं आठवडाभर हाताशी ठेवला होता, तो गेला. त्यांनी कारखान्याच्या काचेत पाहिलं. चेहरा अर्धा सुटलेला, अर्धा चिकटलेला, भिजलेल्या प्लायवुडसारखा. परवा ती हे बघणार. ज्यांना बघायची एवढी घाई केली, त्यांचं हे असं दर्शन.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काकांनी रबरी मोजे काढले. एकच कड, ते स्वतःला म्हणाले. डाव्या गालावरची, चांगली सुटलेली. त्यांनी ती चिमटीत धरली आणि कसलेल्या हातानं, एका दमात, थेट कानाच्या दिशेनं ओढली.

त्यांची किंकाळी ऐकून कपाटाचा मालक निम्म्या रस्त्यातून परत आला.

त्वचेच्या डॉक्टरनं लालभडक गाल पाहिला आणि मलमाची ट्यूब काढली. ते लावताना तिनं तोंड सोडलं. "तीनदा म्हणून घेतलं होतं ना मी? आता इथे परत डाग पडू शकतो, कळलं?"

"कळलं," काका म्हणाले. त्यांना रडू येत होतं, पण अश्रू गालावर झोंबले असते.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नर्सनं काकूंच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, तोंड लपवायला जागा नव्हती. बाकीचे पापुद्रे एव्हाना गळून गेले होते. चेहरा गुलाबी, गुळगुळीत, आणि डाव्या गालावर मलमाचा पांढरा चट्टा.

काकूंनी डोळा उघडला. आधी छताकडे पाहिलं. "पंख्यावर केवढी धूळ! कुणी पुसत नाही का?" मग लेकीकडे पाहिलं. "अगं, तुझे केस पिकायला लागले!" मग पलंगाच्या पायथ्याशी नजर गेली, थांबली आणि पुढे सरकली. दाराकडे, खिडकीकडे, परत दाराकडे. त्यांचा चेहरा उतरला.

"हे आले नाहीत?" त्यांनी लेकीला विचारलं. "आजच्या दिवशी तरी..."

"अगं, मी इथेच आहे," काका म्हणाले.

काकूंनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं. जवळ बोलावलं. हनुवटी धरून त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं, कापडाचा पोत बघावा तसं.

"तुमचा डाग कुठे गेला?"

"कसला डाग?" काकांचा आवाज चिरकला. "तुला कुठे दिसत होता डाग?"

"तेवढाच तर दिसत होता!" काकू म्हणाल्या. "पाच वर्षं सगळे पुरुष मला सारखेच, धुक्यातले खांब. बाजारात, बँकेत, लग्नकार्यात. ज्याच्या डाव्या बाजूला तपकिरी, तो आपला, हे मी पक्कं केलं होतं. मोतीबिंदू वाढत गेला तसा तुमचा डागही वाढत गेला, म्हणून निभावलं माझं. आणि तुम्ही तो पुसून आलात?"

काकांनी मग सगळं सांगितलं. अस्तर, दोन हात, पांढरं पडणं, आणि का केलं तेही. "तुझा चेहरा उतरेल म्हणून भ्यालो," असं ते सगळ्यांसमोर बोलून गेले. नर्स पट्टी गुंडाळायची थांबली. काकूंनी त्यांची हनुवटी मात्र सोडली नाही.

सहा आठवड्यांनी दोघं मिळून त्वचेच्या डॉक्टरकडे गेली. ओढलेल्या जागी बोटाएवढा तपकिरी डाग परत आला होता, डाव्याच गालावर. डॉक्टर म्हणाली, "घाबरू नका. आणखी एक हात दिला की हाही जाईल."

"राहू दे," काका म्हणाले. "तिचा दुसरा डोळा व्हायचाय अजून."

"मग खुर्चीतून उठा," काकू म्हणाल्या आणि स्वतः बसल्या. "डॉक्टर, माझ्या कपाळाचं बघा जरा. आता आरशात दिसायला लागलंय मला."

काका अस्वस्थ झाले. त्यांनी दोनदा घसा खाकरला. "डॉक्टर, करायचं ते करा. पण कुठेतरी पंजाएवढं जुनं तसंच ठेवा."

"ते कशाला?"

"परत न्यायला आलेल्या माणसाला आपलं टेबल ओळखू यायला नको?"

बायकोला टेबल म्हटल्याबद्दल काकूंनी हातातली पर्स फेकून मारली. एका डोळ्यानं नेम धरून, बरोबर उजव्या गालावर.