दोन दारांची उघडी गाडी

हे सांगायचं मी आजवर टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही. ज्या मित्राला सांगायला हवं होतं तो आता राहिला नाही, आणि त्याच्या घरी ही गोष्ट अजून उलटी सांगितली जाते. त्यांच्या गोष्टीत मी चांगला माणूस आहे.

नांदेडला माझं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं. जुनी गाडी घ्यायची असली की लोक मला सोबत न्यायचे. मी बॉनेट उघडायचो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचो, मूठ कानाला लावायचो आणि डोळे मिटायचो. मी मान हलवली की सौदा व्हायचा. नाही हलवली की लोक चहा न पिता उठायचे.

हा मित्र लातूरकडच्या मुरुडजवळच्या आमच्याच गावचा, बौद्ध वस्तीतला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आमची जमीन होती, विहीर होती. त्याची आई आमच्या रानात खुरपायला यायची. पाणी लागलं की विहिरीपासून चार हात लांब घागर ठेवून उभी राहायची, आणि आमच्यापैकी कुणीतरी वरून ओतायचं. मीही ओतलेलं आहे.

लातूर नवा जिल्हा झाला आणि काही काळाने तो नायब तहसीलदार होऊन तिथं आला. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, तरी त्याच्या टेबलावर टँकरची यादी लवकरच येऊन पडली, कारण पावसाने पाठ फिरवली होती. आमच्या गावात पहिला टँकर त्याने वस्तीत उभा करवला. बाकी गावाला आमच्या विहिरीचं पाणी अजून मिळत होतं, वस्तीला मिळत नव्हतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण माझा थोरला भाऊ नांदेडला आला की जेवताना म्हणायचा, "तुझा दोस्त लई मोठा झाला. आता आपुन घागर घेऊन उभं राहायचं." मी खाली मान घालून जेवायचो.

त्याच उन्हाळ्यात मित्र एसटीने नांदेडला आला. तिथले एक म्हातारे वकीलसाहेब मुलाकडे हैदराबादला कायमचे निघाले होते आणि त्यांना गाडी विकायची होती, ती त्याला हवी होती. विलायती स्पोर्ट्स गाडी, दोन दारांची, बुटकी, लाल, कापडी टप मागे दुमडून ठेवता येणारी. मला हसू आलं. मी त्याला म्हणालो की आपल्याकडचे रस्ते बघ, चार दारांची एखादी जुनी गाडी शोधून देतो, सगळं घर बसेल.

तो म्हणाला, "बंद गाडीत कोन बसलंय कुनाला दिसतंय? म्हातारीला पुढं बसवून येशीतनं वस्तीपतूर न्यायचंय. एकदा. मग गाडी इक म्हन, इकतो."

वकीलसाहेबांनी किल्ली माझ्या हातात दिली. आम्ही विष्णुपुरीपर्यंत चक्कर मारली. गोदावरी पार आटली होती. पात्रात बाया वाळूत झिरे खणून वाटीवाटीने घागरी भरत होत्या. गाडी मीच चालवत होतो. जुन्या गाडीत एक तरी खोट सापडते, म्हणून मी मुद्दाम खड्ड्यातून घेतली, चढावर दम काढला, ब्रेक दाबून पाहिले. काही सापडलं नाही. इतकं सरळ इंजिन माझ्या हाताखाली क्वचितच आलं असेल.

एक हात दारावर ठेवून मित्र वारा अंगावर घेत होता. मग म्हणाला, "म्हातारीला पदर खोचून घ्यायला सांगावं लागंल. न्हाईतर उडून जाईल वाऱ्यानं." आणि हसला.

मीही हसलो. पण मला आमची वेस दिसली. पारावर भाऊ बसलेला, त्याच्याभोवती आमचेच लोक, आणि समोरून ही गाडी येतेय. पुढं ती बाई, पदर खोचून. गाडी पास कुणी केली, हे गाव विचारणारच होतं.

परत आल्यावर मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या वरच्या भागाच्या, हेडच्या, कडेला पांढरे ओघळ वाळलेले होते. त्या वर्षी सगळेच लोक रेडिएटरला बोअरचं खारट पाणी घालत होते आणि ओतताना सांडलं की असे डाग राहायचे. त्या महिन्यात मी तसे डाग किती गाड्यांवर पाहिले होते. नखाने खरवडलं तर निघून जायचे. मी खरवडलं नाही. स्क्रूड्रायव्हर लावला, नेहमीपेक्षा जास्त वेळ कान लावून उभा राहिलो, आणि ओघळांवर बोट ठेवलं.

"हेड तडकलंय. आतून पानी झिरपून राहिलंय. घेऊ नको."

तो माझ्याकडे बघत होता. "नक्की?"

"नक्की."

त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. दार हळूच लावलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. वकीलसाहेब एवढा वेळ ओसरीवर पान लावत बसले होते. त्यांना ती गाडी पोटच्या पोरासारखी माहीत होती. मी किल्ली द्यायला गेलो तेव्हा त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "मिस्त्री, आज कान घरी ठेवून आलात का?"

मी किल्ली त्यांच्या पानाच्या डब्याशेजारी ठेवली आणि निघालो.

गाडी पुढच्याच आठवड्यात नांदेडच्या एका कापड दुकानदाराने घेतली. ती माझ्याकडेच दुरुस्तीला यायची. बारा वर्षं मी तिचं तेल बदललं, प्लग साफ केले, क्लच बदलला. हेड उघडायची वेळ कधी आली नाही. ही गाडी माझ्याकडे आणू नका असं सांगावं, असं कैकदा वाटलं, पण कारण काय देणार होतो?

मित्राची आई दोन वर्षांनी गेली. त्याला कचेरीची जीप होती, पण सरकारी गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, असा तो. तिला दवाखान्यात नेलं तेही एसटीने. मातीला मी गेलो होतो. तिरडी वेशीतून निघाली नाही. वस्तीची वाट मागून होती.

पुढे आयुष्यभर तो माझी स्तुती करत राहिला. कुणी जुनी गाडी घ्यायची म्हणालं की ही हकीकत सांगायचा. म्हणायचा, पैसे बुडाले असते, दोस्ताने वाचवलं. मी खोटं बोललो हे त्याला कळलं होतं का, याचा विचार करून मी थकलो. लातूरला पाणी पुन्हा तुटलं त्या उन्हाळ्यात तो आजारी असल्याचं कळलं आणि मी गेलो. नांदेडपासून बसमध्ये वाक्यं मनात घोकत होतो.

तो खाटेवर बसला होता. मुलाला जुनी गाडी घ्यायची होती. मी खाली बसायच्या आतच तो मुलाला म्हणाला, "काकाला दाखवल्याबिगर घेऊ नको. ह्याचा कान चुकत न्हाई." मुलगा माझ्या पाया पडला आणि लगेच मला गाडी दाखवायला घेऊन निघाला. गाडी बरी होती. मी बरी आहे म्हणालो. मुलाने पुन्हा विचारलं नाही. परत येईपर्यंत मित्राचा डोळा लागला होता. शेवटची बस चुकू नये म्हणून मी निघालो. पुढच्या महिन्यात तो गेला.

बसमध्ये घोकलेली वाक्यं अशी होती: ती गाडी चांगली होती. हेड तडकलेलं नव्हतं. मनातल्या मनात भावाचं नाव मी उगाच पुढं करत आलो. तुझी आई पुढं बसून येशीतनं येताना मलाच बघवली नसती. माफ कर.