भिंतीवरची रांग

पंचाहत्तर सालाच्या आसपास मी महाडला कारकून होतो. दर मार्चात चवदार तळ्याच्या वाटेवरच्या एका भिंतीवर एक पेंटर सत्याग्रहाचं चित्र काढायचा. तळ्याच्या पायऱ्यांवर माणसांची रांग आणि प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी.

एका सकाळी ऑफिसला जाताना मी ते बघत थांबलो होतो. शेजारी एक म्हातारी येऊन उभी राहिली. पोलादपूरकडची असावी. डोक्यावर वालाच्या शेंगांची टोपली होती. तिनं सगळी रांग सावकाश न्याहाळली.

"बाया कुठं हायत रे?"

पेंटर शिडीवरून हसला. "मावशी, भिंत संपली. आता जागा नाय."

"मग त्यांना सरकायला सांग," ती म्हणाली. "तवा सरकले व्हते. नवी सून व्हते मी. मला पुढं वाट दिली व्हती त्यांनी."

पेंटर खाली उतरला. दोन पुरुषांच्या मधली जागा त्यानं चुन्यानं पुसून घेतली.

"हात कसे धरले होते, मावशी?"

तिनं टोपली माझ्याकडे दिली आणि वाकून ओंजळ धरली. चित्र पुरं होईपर्यंत तिनं हात खाली घेतले नाहीत. मग ती टोपली घेऊन बाजाराकडे गेली. पुन्हा काही मला दिसली नाही.

पुढच्या मार्चात भिंतीला नवा चुना लागला. पेंटरनं तेच चित्र पुन्हा काढायला घेतलं. भिंत सगळी कोरी होती. त्यानं मधोमध आधी ती बाई काढली आणि मग तिच्या दोन्ही बाजूंना रांग रंगवली.