बाईंपुढची रांग

आयटीतल्या नोकरीची ती पहिली वर्षं. सदाशिव पेठेतल्या हॉलमध्ये जुन्या सिनेमांच्या पोस्टरांचं प्रदर्शन होतं. पाहुणा म्हणून आलेल्या एका जुन्या नायकापुढे सह्यांसाठी झुंबड. शेजारच्या टेबलाशी, जन्मभर पडद्यावर नायकाच्या बहिणीची कामं केलेल्या बाई एकट्याच. त्यांच्यासमोर एक आजोबा गाण्यांची जुनी पुस्तिका घेऊन तिसऱ्यांदा उभे होते. आधी टोपी घालून, मग टोपीशिवाय, आता मफलर गुंडाळून.

मी विचारलं, "आजोबा, सही मिळाली ना मघाशी?"

"सह्या घरी डबाभर आहेत. पण बाईंपुढे रांग नको दिसायला? तुम्ही रिकामेच दिसताय. उभे राहा मागे."

मी राहिलो.

बाईंनी सही केली आणि पुस्तिका परत देताना हळूच म्हणाल्या, "मफलर गुंडाळलात तरी ओळखते मी. बसा आता, पाय दुखतील."